रेकॉर्ड, सीडी आणि तंबोऱ्याची जवारी



एखादा मुलगा तेच तेच बोलायला लागला, की आपण आजही म्हणतो, "तुझी पिन अडकली का रे?" ज्याला आपण हे म्हणतो, त्याने पिन पाहिलेली नसते आणि बहुधा रेकॉर्डही पाहिलेली नसते. वस्तू घरातून गेली, पण बोलण्यात राहिली. सीडीच्या नशिबी तेवढंही आलं नाही. ती १९८२च्या ऑक्टोबरात जपानच्या बाजारात आली, वीस-पंचवीस वर्षं मिरवली आणि एखादा वाक्प्रचारही मागे न ठेवता कपाटात जाऊन बसली. गाणं आता मोबाइलमध्ये असतं.

तरीसुद्धा गाणं ऐकणारी चार माणसं एकत्र आली, की एक वाद हमखास निघतो. रेकॉर्डचा आवाज चांगला की सीडीचा? एक जण म्हणतो, रेकॉर्डची गोलाई सीडीला येणं शक्य नाही. दुसरा म्हणतो, ती खरखर तुम्हालाच लखलाभ. वाद जुना आहे, पण शिळा झालेला नाही. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. रेकॉर्डने सीडीला नगांच्या हिशेबात मागे टाकलं ते १९८७ नंतर प्रथमच. तेव्हा या वादात थोडं खोलात शिरायला हरकत नाही.

मी ध्वनिशास्त्राचा माणूस नाही. बी.ए. झालो आणि कविता लिहितो. पण कवीचं कामसुद्धा कानाचंच असतं, आणि या दोन्ही वस्तू मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. आमच्या घरी रेकॉर्डला 'तवा' म्हणत. अब्बांच्या पेटीत कव्वालीचे तवे आणि नाट्यगीतांचे तवे एकमेकांना टेकून उभे असत आणि 'फिएस्टा' प्लेअरवर ते रविवारी सकाळी वाजत. पुढे कॅसेट आली, मग नव्वदच्या दशकात सीडी आली. म्हणून आज मी कोणाचाही वकील म्हणून बोलत नाही, साक्षीदार म्हणून बोलतो.

आधी या दोन वस्तू काय आहेत ते पाहू.

रेकॉर्ड म्हणजे आवाजाची खोदलेली रेघ. गायकाच्या आवाजाने हवा जशी थरथरली, तसाच थरथराट त्या रेघेच्या दोन भिंतींवर कोरलेला असतो. सुई त्यातून जाताना तशीच थरथरते, त्या थरथरीची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एका बाजूला बावीस मिनिटं धरली, तर सव्वासातशेहून अधिक फेरे झाले. ती रेघ सरळ उलगडली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. एलपी आली १९४८ साली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तव्यावर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. ते तवे लाखेचे असत आणि जगभरच्या तव्यांना लागणारी बरीचशी लाख आपल्याच देशातून जात असे. लाखेत दगडाची पूड मिसळत, म्हणून ते जड आणि ठिसूळ. हातातून पडला, की संपला.

सीडीवर अशी रेघ नसते, तिथे आकडे असतात. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४ हजार १०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप ६५ हजार ५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर लिहून ठेवायचं, डाव्या कानासाठी वेगळं आणि उजव्यासाठी वेगळं. बारा सेंटिमीटरच्या त्या चकतीवर साधारण चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात. वाचायला सुई लागत नाही, लेसरचा किरण लागतो. किरणाने चकती झिजत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वाजवा की हजाराव्यांदा, आवाज तोच.

आता 'चांगला आवाज' या शब्दांत आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो. मुळात जे गायलं गेलं, त्याच्याशी जास्त इमान कोणाचं, हा एक प्रश्न. आपल्या कानाला गोड कोण लागतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मोजून काढता येतं. दुसऱ्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या कानात असतं. वाद घालणारे बहुतेकदा एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर देत असतात.

पहिला प्रश्न सोडवायला मला तंबोरा फार उपयोगी पडतो. आपल्या संगीतात तो सतत वाजत असतो आणि कोणत्याही यंत्राची लबाडी तो लगेच उघडी पाडतो.

पहिली परीक्षा शांततेची. उस्ताद अमीर खाँ यांची एक एलपी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेब मंद्र सप्तकात उतरतात, एक स्वर ठेवतात आणि थांबतात. त्या थांबण्यात गाणं असतं. रेकॉर्डवर नेमक्या त्याच जागी घर्षणाची सळसळ आणि धुळीची टकटक ऐकू येते. अगदी हळू आणि अगदी मोठा, या दोन आवाजांतलं अंतर डेसिबलमध्ये मोजतात. चांगल्या एलपीवर ते साठ-सत्तर डेसिबल मिळतं, सीडीवर शहाण्णव. अर्थात, आपल्या घरात पंखा, रिक्षा आणि शेजाऱ्यांचा कुकर असतो. त्यामुळे सीडीची सगळी शांतता आपल्याला कधीच वापरता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी परीक्षा स्थिरतेची. तंबोऱ्याचा षड्ज हलता कामा नये. पण रेकॉर्डचं मधलं छिद्र एका मिलिमीटरने जरी बाजूला पडलं, तरी प्रत्येक फेऱ्याला सूर वर-खाली होतो. आतल्या बाजूला तो जवळजवळ एका श्रुतीएवढा हलतो. सिनेमाच्या गाण्यात, वाद्यांच्या गर्दीत हे लक्षात येत नाही. तंबोऱ्यात दर पावणेदोन सेकंदांनी ती लाट ऐकू येते आणि एकदा ऐकू आली, की मग तीच ऐकू येत राहते. मोटारीचा वेग सहा टक्क्यांनी वाढला, तर काळी एकमध्ये गाणारा गायक आपल्या घरात पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. सीडीचा वेग क्वार्ट्झच्या स्फटिकावर बांधलेला असतो. तिथे हा प्रश्न जवळपास उरतच नाही.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या संगीताच्या मांडणीशी जोडलेली आहे. रेकॉर्ड बाहेरून आत वाजते. बाहेरच्या फेऱ्यात सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर रेघ सरकते. अगदी आतल्या फेऱ्यात तीच २१ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवावा लागतो. साहजिकच तिथे आवाज फाटतो आणि तार सप्तक कर्कश होतं. आता आपला ख्याल आठवा. सुरुवातीला विलंबित, मग बढत आणि शेवटी द्रुत ताना. सतारीत शेवटी झाला. म्हणजे गाणं जिथे सगळ्यांत गतिमान आणि दाट होतं, तिथेच रेकॉर्ड सगळ्यांत दुबळी असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हे माहीत होतं आणि ते शेवटी आवाजाची पातळी सांभाळून घेत. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि किरणाखालून सरकणारा तिचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहतो. तिच्यावरची शेवटची तान पहिल्या आलापाइतकीच स्वच्छ असते.

चौथी परीक्षा अगदी खालच्या आणि अगदी वरच्या आवाजांची. डग्ग्याचा घुमारा जसाच्या तसा कोरला, तर रेघ इतकी रुंद होते, की शेजारच्या रेघेत घुसते. म्हणून कोरताना खालचे आवाज दाबतात आणि वरचे वाढवतात. वाजवताना प्लेअरने याच्या नेमकं उलट करायचं असतं. कोणते आवाज किती दाबायचे, याचा सर्वमान्य तक्ता १९५४ साली ठरला. त्याआधी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा होता. जुनी रेकॉर्ड आज चुकीच्या हिशेबाने वाजवली, की आवाज पत्र्यासारखा लागतो आणि आपण म्हणतो, त्या काळी ध्वनिमुद्रण वाईट होतं. वरच्या टोकाला 'स' आणि 'श' ही अक्षरं असतात. सुई झिजली, की पहिला घाला त्यांच्यावर पडतो. कवी असल्यामुळे मला ते जरा जास्तच टोचतं.

या चारही परीक्षांत सीडी पुढे आहे. इथे माझ्या आवडीनिवडीचा संबंध नाही, हे मोजमाप आहे.

यावर रेकॉर्डवाल्यांचा एक ठरलेला आक्षेप असतो. ते म्हणतात, रेकॉर्डवर अखंड आवाज असतो. सीडी त्याचे तुकडे करते आणि दोन तुकड्यांमधलं फेकून देते. ऐकायला हे पटतं. मलाही बरीच वर्षं पटत होतं. पण शाळेतली भूमिती आठवा. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जातं. वर्तुळावर बिंदू असंख्य असतात, पण तीन दिले, की सगळं वर्तुळ हाती येतं. मधले बिंदू कोणी फेकून दिलेले नसतात, ते त्या तिघांतच असतात. आवाजाच्या लाटेचंही तसंच आहे. तिच्यातल्या सर्वांत वरच्या सुराच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमापं घेतली, तर त्या मोजमापांतून जाणारी लाट एकच असते. हा सिद्धांत सीडी येण्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षं आधीच मांडला गेला होता. माणसाला फार तर सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला तेवढंही येत नाही. म्हणून ४४ हजार १०० हा आकडा पुरतो. सीडीतून बाहेर पडणारी लाट जिन्यासारखी नसते, ती पुन्हा सलगच होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, गोडव्याकडे, येऊ.

माझे एक स्नेही आहेत, निवृत्त अभियंते. त्यांच्याकडे उत्तम टर्नटेबल आहे. एका संध्याकाळी त्यांनी आम्हा पाच जणांना जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी परीक्षेला बसवलं. त्यांनी एका एलपीवरून संगणकात ध्वनिमुद्रण करून त्याची सीडी बनवली होती. सीडीचे जे ठरलेले आकडे, त्याच आकड्यांत. यंत्रं पडद्यामागे होती. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला होता. हे फार महत्त्वाचं असतं, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. वीस वेळा तोच तुकडा वाजला, कधी रेकॉर्डवरून आणि कधी सीडीवरून. आम्ही प्रत्येक वेळी चिठ्ठीवर 'र' किंवा 'स' लिहायचं.

निकाल ऐकण्यासारखा होता. सर्वांत हुशार कानाची वीसपैकी बारा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढी येऊ शकतात. आमच्यातले एक बुजुर्ग पक्के रेकॉर्डवाले. ते म्हणाले, "अरे, पण गोलाई होती. प्रत्येक वेळी होती. मग ती सीडीत आली कुठून?"

स्नेही म्हणाले, "अण्णा, तुमच्या रेकॉर्डमधूनच आली."

मला वाटतं, सगळ्या वादाचं उत्तर या एका वाक्यात आहे. आकडे गोलाई मारत असते, तर त्या नकलेत ती उरली नसती. आकड्यांनी रेकॉर्डची गोलाई, तिची सळसळ आणि टकटक सगळं इमानाने उतरवून घेतलं. उलट करता येत नाही. सीडीची स्वच्छता रेकॉर्डवर उतरवायला गेलात, तर तिला रेकॉर्डचा रंग लागतोच. अमेरिकेतही अशीच एक गोष्ट घडली. मोबाइल फिडेलिटी ही महागड्या रेकॉर्ड काढणारी कंपनी. तिच्या रेकॉर्ड थेट मूळ टेपवरून निघतात, मध्ये आकडे कुठेच येत नाहीत, असं ग्राहक समजून चालले होते. २०२२ साली उघड झालं, की गेली कित्येक वर्षं अनेक रेकॉर्डच्या वाटेत एक डिजिटल पायरी होती. याच रेकॉर्ड 'अस्सल' म्हणून वाखाणणाऱ्या भल्याभल्या कानांना ती ओळखू आली नव्हती.

मग ही गोलाई आहे तरी काय? रेकॉर्ड मूळ आवाजात थोडी भर घालते. सुई आणि रेघ यांच्या ओढाताणीत मूळ सुराचे काही उपसूर तयार होतात. खालचे आवाज डाव्या-उजव्या कानांत न विभागता मधोमध ठेवलेले असतात, त्यामुळे भरीवपणा येतो. वरची धार थोडी बोथट होते. स्पीकरच्या आवाजाने टर्नटेबल स्वतः किंचित थरथरतं आणि तो घुमारही सुईतून परत येतो. शास्त्राच्या भाषेत हे सगळे दोष आहेत. कानाला मात्र ते गोड लागतात.

दोष गोड कसा लागेल, असं कोणी विचारलं, तर मी त्याला मिरजेला जायला सांगेन. तिथे सतारमेकरांच्या दुकानांत तंबोऱ्याला जवारी लावताना पाहता येतं. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते. घोडीचा माथा अगदी हलकासा घासून असा उतार देतात, की तार सुटताना त्याला चाटून जाते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवत सरकवत नेमकी जागा शोधतात. जागा सापडली, की साधी तार झंकारू लागते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. त्या दुकानातल्या एका चाचांना मी विचारलं, "दोरा काढला तर?" त्यांनी दोरा काढला आणि तार छेडली. सूर तोच होता, पण कोरडा. तारेने कशालाही न शिवता वाजावं, हा शुद्धपणा म्हटला, तर जवारी हा दोष आहे. पण त्या दोषाशिवाय आपलं संगीत उभं राहत नाही.

रेकॉर्डची गोलाई म्हणजे यंत्राने लावलेली जवारी, असं मला वाटतं. ज्याला ती आवडते, त्याचं काही चुकत नाही. फक्त ती गायकाची नाही, यंत्राची आहे, हे त्याला माहीत असावं. तंबोऱ्याची जवारी गायक आपल्या गळ्याप्रमाणे आणि रागाप्रमाणे लावून घेतो. रेकॉर्डची जवारी सगळ्यांना एकच. दरबारीलाही तीच आणि लग्नाच्या बँडलाही तीच.

पण मग सीडीची इतकी बदनामी का झाली? याचं कारण सीडीत नाही. सीडी भरणाऱ्यांनी जे केलं, त्यात आहे.

सुरुवातीच्या कित्येक सीडी रेकॉर्डसाठी तयार केलेल्या टेपांवरूनच काढल्या गेल्या. रेकॉर्डच्या मर्यादा सांभाळण्यासाठी आवाजात केलेले बदल तसेच सीडीवर आले. त्यानंतर, नव्वदच्या दशकात, मोठ्या आवाजाची चढाओढ लागली. आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा ठसठशीत वाटावं म्हणून हळू आवाज उचलायचे आणि मोठे छाटायचे. शहाण्णव डेसिबलचं अंगण मिळालेलं असताना सगळं गाणं एका कोपऱ्यात कोंबायचं. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमच्या वेळी श्रोत्यांनीच याविरुद्ध आवाज उठवला. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये सीडीपेक्षा चांगली ऐकू येत होती. आपल्याकडे याच काळात जुन्या गाण्यांना 'झंकार बीट्स' लावण्याची साथ आली. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सगळ्यांत गंभीर आहे. ती म्हणजे साफसफाई. जुन्या तव्यांच्या सीडी काढताना खरखर काढून टाकतात. काम नाजूक आहे आणि उत्तम हातांनी केलं, तर उत्तमही होतं. पण खरखर आणि तंबोऱ्याचे वरचे उपसूर हे साधारण एकाच उंचीवर राहतात. झाडू जोरात मारला, की कचऱ्याबरोबर रांगोळीही जाते. माझ्याकडे एका जुन्या गायकाची सीडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही. खरखर पूर्ण गेलेली आहे. तंबोराही गेलेला आहे. आलापाच्या आधी गायक श्वास घेतो, तो श्वास गेला. राहिला तो एक स्वच्छ, गुळगुळीत आवाज, जणू निर्वात पोकळीत कोणी गातं आहे. तेच गाणं मी एका संग्राहकाच्या घरी मूळ तव्यावर ऐकलं. खरखर भरपूर होती, पण तिच्यामागे माणूस होता.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड अनेकांनी ऐकल्या असतील. १९३७ साली खाँसाहेब गेले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. त्यांचं गाणं प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आज सापडणं अवघड आहे. आपल्याला त्यांच्या तंबोऱ्याबद्दल आणि स्वर लावण्याबद्दल जे काही कानांनी कळतं, ते त्या तव्यांच्या रेघांतूनच. त्यामुळे त्या रेघांतून काय उचलायचं आणि काय झाडून टाकायचं, हा निर्णय म्हणजे पुढच्या पिढ्यांनी खाँसाहेबांना कसं ऐकावं, याचा निर्णय असतो. तो चुकीच्या हातांत पडला, तर नुकसान भरून येत नाही.

म्हणून शेवटी थोडं कामाचं बोलतो.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली जुन्या रेकॉर्डचा डबा असेल. घर बदलताना किंवा पाडताना असे डबे रद्दीबरोबर वजनावर जातात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पोहोचले, तर नशीब समजायचं. निदान कोणा शौकिनाच्या हाती लागतात. नाहीतर संपले. जुन्या तव्यांपैकी सगळ्यांचे मूळ साचे आज उरलेले नाहीत. तुमच्या माळ्यावरचा तवा हा त्या गाण्याचा शेवटच्या काहींपैकी एक असू शकतो. तेव्हा देऊन टाकण्याआधी जाणकाराला दाखवा. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था याच ध्यासातून सुरू झाली. महाराष्ट्रात असे जाणते संग्राहक बरेच आहेत आणि विचारलं, की ती माणसं हौसेने सांगतात.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. लाखेचा तवा स्पिरिटने पुसू नका. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, हे लक्षात ठेवा. ७८ फेऱ्यांच्या तव्याची रेघ रुंद असते, त्याला एलपीची सुई लावू नका. त्याची सुई वेगळी आणि जाड असते.

आणि त्यातला आवाज आकड्यांत उतरवून घ्या. त्याच्या दोन प्रती करा. पहिली जशी आहे तशी, खरखरीसकट, एकही सूर न झाडता. दुसरी हवी तर साफ केलेली, रोज ऐकण्यासाठी. आज साफसफाईची जी साधनं आहेत, त्यापेक्षा उद्या चांगली येतील. पहिली प्रत असेल, तर ती उद्या वापरता येतील. तांगड्यात तंगडी अडकल्यासारखे रेकॉर्डवाले आणि सीडीवाले भांडत असतात, पण या कामात दोघांचीही गरज आहे. घरी कोरलेल्या सीडीवर मात्र सगळा भरवसा टाकू नका. तिच्यातला रंगाचा थर काही वर्षांत उतरतो. ओरखडे पडले तर सीडी बरेच दिवस चुका सावरून घेते आणि मग एके दिवशी एकदम मुकी होते. रेकॉर्ड टकटक करते, अडखळते, पण बोलत राहते. कलकत्त्यात १९०२ साली गौहरजान यांचं गाणं भोंग्यासमोर मुद्रित झालं. त्या काळचे न फुटलेले तवे आजही सुईखाली वाजतात. आकड्यांच्या बाबतीत आपल्याला जागं राहावं लागतं. दर काही वर्षांनी ते नव्या जागी उतरवून ठेवावे लागतात.

मग मी स्वतः काय ऐकतो? अमीर खाँसाहेबांचा मारवा मी सीडीवर ऐकतो, कारण त्यांच्या थांबण्यात मला दुसरा आवाज नको असतो. कव्वाली रेकॉर्डवर ऐकतो. टाळ्यांच्या गजरात थोडी टकटक खपून जाते. तुमची निवड याच्या उलट असू शकते. इतकंच सांगेन, की पुढच्या वेळी हा वाद निघाला, तर आवाज मोजून सारखा करा, पडदा लावा आणि डोळे मिटून ऐका. आणि माळ्यावरचा डबा एकदा खाली काढा.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)